बोटीवरून आणलेला रेकॉर्ड प्लेयर आपल्या विजेवर कसा लावावा

आधी यंत्राच्या पाठीवरची पट्टी वाचा. '१००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्‌झ' असेल तर पिन बदला, लावा आणि हा लेख सोडून द्या.

नुसतं १२० असेल तर मागे व्होल्टेजचा खटका आहे का बघा. असेल तर तो २२०-२४० वर फिरवा आणि फ्यूज साधारण निम्म्या अँपिअरचा घाला. नसेल तर व्होल्ट उतरवणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घ्या, यंत्राच्या वॉटच्या दीड-दुप्पट क्षमतेचा आणि दोन वेगळ्या वाइंडिंगचा, म्हणजे तारेच्या गुंडाळ्यांचा. ऑटो ट्रान्सफॉर्मर स्वस्त पडतो, पण त्यातली सामाईक वाइंडिंग तुटली की २३० सरळ यंत्रात. प्रवासात इस्त्रीसाठी वापरतात तो हलका कन्व्हर्टर तर हातातही धरू नका.

आता खरी गोम. माझा चुलतभाऊ बोटीवर होता. त्याने अमेरिकेहून बेल्टवाला प्लेयर आणला. ट्रान्सफॉर्मर लावला, तबकडी फिरली, आणि पेटीच्या पांढरी चारमध्ये गाणारा गवई पांढरी दोनवर उतरला! दुकानदार म्हणाला, बेल्ट सैल आहे. दोन बेल्ट बदलले, काडीचा फरक नाही. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्‌झ नाही, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. तिकडची वीज ६० हर्ट्‌झ, आपली ५०, म्हणजे सेकंदाला तेवढी आवर्तनं. जुनी एसी सिंक्रोनस मोटर हर्ट्‌झच्या तालावर फिरते. म्हणून ३३⅓ ऐवजी जेमतेम २७.८ फेरे.

यावर साधा इलाज: मोटरच्या दांड्यावरची ५० हर्ट्‌झची पुली, व्यास २० टक्के मोठा. 'दांड्याला चिकटपट्टी गुंडाळा' सांगणाऱ्याला घरी चहासुद्धा देऊ नका. मी गुंडाळली होती. पट्टी एका बाजूला जाड बसली आणि प्रत्येक फेऱ्याला सूर डुलायला लागला.

पुली बसवल्यावर कानावर विसंबू नका. १८० रेघांची कागदी स्ट्रोब तबकडी ठेवा आणि जुन्या चोकवाल्या ट्यूबखाली बघा. रेघा स्थिर दिसल्या की वेग बरोबर. बऱ्याच एलईडीखाली हे दिसत नाही. ६० हर्ट्‌झच्या २१६ रेघा इथे फसवतील. क्वार्ट्‌झ डायरेक्ट ड्राइव्ह किंवा डीसी मोटर असेल तर वेगासाठी यातलं काहीच करायला नको, व्होल्टचं मात्र बघायलाच हवं. जपानचा माल असेल तर आधी पुलीच नीट बघा: त्या एकाच देशात पूर्वेला ५० आणि पश्चिमेला ६० हर्ट्‌झ, त्यामुळे दोन्हींची सोय बऱ्याचदा असते.

अर्थिंग तपासाच. आपला कोकणातला जांभा मे महिन्यात कोरडा ठाक पडतो, खड्ड्यातली अर्थ पट्टी नावापुरती उरते आणि स्पीकर गुणगुणतो. खड्ड्यात पाणी ओता, मग अँप्लिफायरला दोष द्या. आणि पावसाळ्यात वीज कडाडायला लागली की खटका बंद करून भागत नाही, पिनच काढा. वाऱ्याने खांबावरची न्यूट्रल तार तुटली तर सिंगल फेजच्या घरातही २३० चे ४०० च्या आसपास होऊ शकतात, आणि १२० चा ट्रान्सफॉर्मर ते इमानाने निम्मे करून पुढे देतो.