खाडीतल्या सागरी गवतासाठी पाणी आणि तळ कसा तपासावा

पाहणीला निघण्यापूर्वी एक भेद ध्यानात घ्यावा. मालवणच्या खडकांना चिकटून वाढणारी सरगॅसम, उल्वा ही शैवाले आहेत आणि त्यांना खरी मुळे नसतात. कांदळवनापुढच्या चिखलपट्टीवर येणारे हॅलोफिला बेक्कारीसारखे सागरी गवत मात्र मुळे, फुले आणि बिया असलेली वनस्पती आहे. म्हणूनच गवतासाठी पाण्याइतकाच तळही पाहावा लागतो.

सुरुवात प्रकाशापासून करावी, कारण पाणी गढूळ असेल तर बाकीचे सारे अनुकूल असूनही गवत टिकत नाही. 30 सेंटीमीटर व्यासाची पांढरी तबकडी घ्यावी (जुन्या स्टीलच्या ताटाला चकाकी नसलेला पांढरा रंग दिला तरी काम भागते), तिच्याखाली जाळ्याचे शिसे बांधावे आणि दर 10 सेंटीमीटरला खूण केलेल्या दोरीने ती सकाळी 10 ते दुपारी 2 या वेळेत होडीच्या सावलीच्या बाजूने पाण्यात सोडावी. ती दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, या दोहोंची सरासरी नोंदवावी. तेथे पृष्ठभागावरील प्रकाशाचा अंदाजे 18 टक्के भाग उरतो. सागरी गवताला सर्वसाधारणपणे सुमारे 11 टक्के प्रकाश लागतो, त्यामुळे या खोलीच्या साधारण 1.3 पट ही त्याची मर्यादा धरता येते. तबकडी 80 सेंटीमीटरवर लपली, तर मर्यादा जेमतेम 1 मीटरची. मात्र उधाणाला पाण्याची पातळी सुमारे 2 मीटरने चढते-उतरते, तेव्हा भरती-ओहोटीची वेळ न लिहिता नुसती खोली लिहून ठेवणे म्हणजे श्रम वाया घालवणे होय.

क्षारता, म्हणजे पाण्यातले मिठाचे प्रमाण, रिफ्रॅक्टोमीटरने (पाण्याच्या थेंबातून प्रकाश किती वळतो यावरून ती दाखवणाऱ्या उपकरणाने) मोजावी आणि त्याआधी ऊर्ध्वपातित पाण्यावर त्याचे शून्य जुळवून घ्यावे. खुल्या समुद्रात दर हजारी 35 च्या आसपास असणारी क्षारता जून ते सप्टेंबर या काळात खाडीच्या आतल्या भागात जवळजवळ शून्यावर येऊ शकते. गोडे पाणी हलके असल्याने वर तरंगते आणि खारे तळाशी राहते. म्हणून नमुना गवताच्या उंचीवरून, म्हणजे तळालगतच घ्यावा. वजन बांधलेली बाटली खाली सोडून तिचे बूच दुसऱ्या दोरीने उपटणे हा सोपा उपाय आहे.

तापमान एप्रिल-मे महिन्यांत, दुपारच्या ओहोटीला पाहावे, कारण उथळ डबक्यांतले पाणी तेव्हाच सर्वाधिक तापते. पानांवर बुळबुळीत शेवाळाचा थर असेल, तर सांडपाणी किंवा खतांतून आलेल्या पोषकद्रव्यांचा संशय घ्यावा. मूठभर चिखल काळा निघाला आणि त्याला सडक्या अंड्यासारखा वास आला, तर मुळांभोवती प्राणवायू कमी आहे असे समजावे. रेती उपसा आणि तिसऱ्या या शिंपल्यांसाठी होणारी खोदणी यांचीही नोंद ठेवावी.

पावसाळ्यात गवत दिसले नाही म्हणून ते संपले, असा निष्कर्ष काढू नये. चिखलातल्या बियांपासून ते पुन्हा उगवू शकते, म्हणून जागेची जीपीएस नोंद ठेवून नोव्हेंबरमध्ये, पहिल्या फेरीसारख्याच ओहोटीला, त्याच ठिकाणी पुन्हा पाहणी करावी.