बोर्ड चढण्याआधी: फॉल्स सीलिंग आणि भूकंपाची तयारी

फॉल्स सीलिंगचं ठरलं की आपल्याकडे आधी डिझाइनची चर्चा होते, मग एलईडीच्या पट्टीची, मग भावाची. भूकंपाचं नाव काढा, समोरचा हसतो. “खान्देशात कुठला भूकंप, भाऊ?” तर १४ मार्च १९३८ ला सातपुड्यात सहाहून मोठ्या तीव्रतेचा धक्का बसलेला आहे, आणि आयएस १८९३ या भूकंपाच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या नकाशात जळगाव, धुळे, नंदुरबार तिसऱ्या झोनमध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात येतात. शिवाय सीलिंग पडायला इमारत पडावी लागत नाही. मार्च २०११ च्या भूकंपात टोकियोतलं कुदान कायकान सभागृह उभं राहिलं, पण भर कार्यक्रमात त्याचं सीलिंग खाली आलं आणि दोन माणसं गेली. त्यानंतर जपानने उंचावरच्या, मोठ्या आणि जड सीलिंगसाठी वेगळे नियमच केले. म्हणून घराच्या हॉलपेक्षा पुढची तपासणीची यादी जास्त लागू आहे ती मंगल कार्यालय, क्लास आणि दवाखान्याला.

सगळं बघायचं ते सीलिंगचे बोर्ड चढण्याआधी. बोर्ड लागून पुट्टी झाली की वर काय आहे ते कारागिरालाच माहीत.

आधी वरचं छत कसलं आहे ते पाहा. आरसीसी स्लॅब असेल तर ठोकून बघा. पोकळ आवाज येतो किंवा सळई गंजून प्लास्टर फुगलंय, तिथे आधी दुरुस्ती. जुन्या पेठेतल्या दुकानांत लोखंडी गर्डर आणि वर फरशी असते. तिथे फरशीला भोक पाडू देऊ नका, गर्डरला क्लॅम्प मारून घ्या. धाब्याच्या घरात टांगायचंच असेल तर सागाच्या तुळईला, तेही लाकूड पोखरलेलं नसेल तरच. मातीच्या धाब्याखाली जड पीओपी करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग वजन. साडेबारा मिलिमीटरचा जिप्सम बोर्ड घेतला तर दहा बाय दहा फुटांच्या खोलीत नुसते बोर्डच ७०-८० किलोच्या घरात जातात. चॅनेल (बोर्ड धरणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या), पुट्टी, कोव्ह (दिवे लपवायची खाच) वेगळे. धक्क्याचा जोर वजनाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे एक थर कमी करणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. तीन-तीन पायऱ्यांचं डिझाइन हवंच का, ते घरात एकदा विचारून घ्या.

आता खरी मेख, वरचा टांगा, म्हणजे सीलिंग छताला जिथे अडकवतात ती जागा. लाकडी गुल्ला ठोकून त्यात स्क्रू पिळलेला दिसला तर काम तिथेच थांबवा. धातूचा अँकर फास्टनर (भोकात फुगून घट्ट बसणारा बोल्ट) हवा, आणि तो प्लास्टरमध्ये नव्हे, काँक्रीटमध्ये रुतलेला हवा. भोकातला भुगा फुंकून काढला का ते उभं राहून बघा. भुगा राहिला की फास्टनर नीट धरत नाही. बसवल्यावर टांग्याची पट्टी हाताने ओढून, पिळून पाहा. फास्टनर भोकात फिरला तर तो बाद, शेजारी नवं भोक. टाइल बसवायचा पट्ट्यांचा जाळीदार सांगाडा, म्हणजे ग्रिड, तारेवर टांगलं असेल तर तार किमान तीन घट्ट वेढे देऊन बांधलेली असावी.

आखाजीला निंबाला बांधलेला झोका जसा एकदा हलला की हलतच राहतो, तसं टांगलेलं सीलिंग हलतं आणि भिंतीवर आदळतं. पडझड बहुतेक कडेपासूनच सुरू होते: वॉल अँगलवर (भिंतीला ठोकलेल्या एल आकाराच्या पट्टीवर) जेमतेम टेकलेला टी, म्हणजे ग्रिडची पट्टी, निसटतो, पाठोपाठ टाइल सुटतात. यावर अमेरिकेच्या एएसटीएम ई ५८० मानकातली पद्धत सरळ आहे. जोरदार भूकंपाच्या भागात लागून असलेल्या दोन भिंतींना ग्रिड पक्कं करायचं, समोरच्या दोन बाजूंना सुमारे २० मिलिमीटर फट ठेवायची आणि वॉल अँगल ५० मिलिमीटर रुंद घ्यायचा, म्हणजे ग्रिड सरकलं तरी टेकलेलं राहतं. आपला कारागीर चारही बाजूंनी रिव्हेट मारून मोकळा होतो. त्याला हे चित्र काढूनच दाखवावं लागेल. हजार चौरस फुटांच्या वर हॉल असेल तर त्याच मानकाप्रमाणे दर १२ फुटांवर चार दिशांना तिरक्या तारा आणि मध्ये एक ताठ उभी नळी लागते. तारा हिसका धरतात, नळी सीलिंगला वर उसळू देत नाही. एवढ्या मोठ्या कामाचं गणित स्ट्रक्चरल इंजिनियरकडूनच करून घ्या.

पंखा सीलिंगच्या चॅनेलला कधीच नको. जळगावच्या उन्हाळ्यात तो दिवसरात्र फिरणार. हुक स्लॅबचा आणि रॉड सीलिंगमधून मोकळा उतरलेला. कॅसेट एसी, झुंबर, प्रोजेक्टर यांचे टांगे स्लॅबपासून वेगळे. ग्रिडमधल्या दिव्यांना कर्णावरच्या दोन कोपऱ्यांत दोन ढिल्या सेफ्टी तारा पुरतात. आगीचा स्प्रिंकलर (आग लागली की पाणी फवारणारा नळ) असेल तर त्याच्याभोवती सगळीकडून इंचभर मोकळं राहील असं भोक ठेवा, नाहीतर हलणारं सीलिंगच त्याचं डोकं मोडतं आणि आग नसताना पाणी सुटतं. डक्टच्या (एसीच्या हवेच्या नळीच्या) पत्र्याला सीलिंगची तार बांधलेली हमखास सापडते, ती सोडायला लावा.

बाहेर पडायच्या दारावर आणि जिन्यात जड डिझाइन नको. दुरुस्तीसाठी झाकण ठेवा.

मोबाइलने वरच्या प्रत्येक टांग्याचा फोटो काढून ठेवा, भिंतीपासूनचं माप लिहून. कोटेशनमध्ये फास्टनरचा प्रकार आणि दोन टांग्यांतलं अंतर लिहून मागा, आणि बोर्डाचे पैसे हे फोटो बघितल्यावरच सोडा.