ॲनिमेशनचा अभ्यास : दोन चित्रांमधल्या अंतराचे प्रयोग

ॲनिमेशन शिकू इच्छिणारे नवे विद्यार्थी बहुधा पहिला प्रश्न हाच विचारतात की, त्यासाठी चित्रकला किती चांगली असावी लागते. एखादे चित्र देखणे काढता येणे आणि चित्रांची मालिका जिवंत भासवता येणे ही दोन निरनिराळी कौशल्ये आहेत, आणि पहिले अवगत असले म्हणजे दुसरे आपोआप हाती येते असे नाही. ॲनिमेशनमधले चित्र कधीच एकटे नसते. त्याच्या आधी एक चित्र असते, नंतर एक असते, आणि या दोन शेजाऱ्यांपासून ते किती अंतरावर आहे यावर त्याचे बरेवाईटपण ठरते. विद्यार्थी म्हणून मी जी तंत्रे हाताळली, त्यांतल्या प्रत्येकाने या अंतराची वेगळी बाजू दाखवली.

सुरुवात हिशेबाने करावी. चित्रपटाचा प्रचलित वेग सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे पडद्यावर एकामागून एक येणाऱ्या २४ स्थिर प्रतिमा, असा आहे. हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये पुष्कळदा एकेक चित्र दोन फ्रेम ठेवतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रे लागतात आणि दहा सेकंदांच्या दृश्याला १२०. पात्राच्या सदऱ्यावर हौसेने काढलेली पाच बटणे मग सहाशे वेळा काढावी लागतात. विन्सर मॅके यांनी १९१४ मध्ये एका डायनोसॉरला पडद्यावर चालवले, तेव्हा मागचे दृश्यही प्रत्येक कागदावर नव्याने गिरवावे लागले होते. पात्र सेलवर, म्हणजे पारदर्शक पातळ पत्र्यावर, काढून पार्श्वभूमी तीच ठेवण्याची पद्धत त्यानंतर रूढ झाली. आज संगणकामुळे तो त्रास नाही, पण बटणांचा हिशेब बदललेला नाही.

पहिला स्वाध्याय जवळजवळ सगळीकडे सारखाच असतो : उसळणारा चेंडू. तो बाळबोध वाटतो म्हणून पुष्कळ जण उरकून टाकतात, आणि मला वाटते, तेथेच सर्वांत मोठे नुकसान होते. चेंडूला चेहरा नसतो, हातपाय नसतात, त्यामुळे रेखाटनाच्या सफाईआड लपायला जागा उरत नाही. वर चढताना चेंडूची गती मंदावते, म्हणून कमानीच्या माथ्याजवळ त्याची चित्रे एकमेकांवर चढलेली असतात. खाली येताना हेच अंतर वाढत जाते. जमिनीला टेकण्याच्या आदल्या चित्रात चेंडू मार्गाच्या दिशेने किंचित लांबवतात आणि टेकल्यावर चपटा करतात. मात्र उंची कमी करताना रुंदी वाढवली नाही, तर चेंडू दबल्यासारखा न दिसता आकसल्यासारखा दिसतो. यानंतर वर्तुळ तेच ठेवावे आणि केवळ चित्रांमधली अंतरे व उसळीची उंची बदलून एकदा टेबल टेनिसचा चेंडू आणि एकदा लोखंडी गोळा तयार करावा. गोळ्याला ताणणे किंवा चपटे करणे जवळजवळ नकोच. त्याची पहिली उसळी जेमतेम, दुसरी नाममात्र, आणि मग तो जडपणे घरंगळत थांबतो. पाहणाऱ्याला न सांगता दोघांतला फरक ओळखता आला, तर टायमिंग आणि स्पेसिंग या दोन्ही गोष्टी हाती आल्या असे समजावे. हालचालीला किती फ्रेम लागतात ते टायमिंग, आणि त्या प्रत्येक फ्रेममध्ये वस्तू नेमकी कोठे आहे ते स्पेसिंग.

चेंडूनंतर चालणे येते. साधारण चालीत एका पावलाला १२ फ्रेम धरतात. पहिल्या फ्रेमला पुढच्या पायाची टाच टेकते, चौथ्याच्या आसपास गुडघा वाकून शरीर सर्वांत खाली जाते, सातव्याला मागचा पाय टेकलेल्या पायाला ओलांडतो, दहाव्याला शरीर सर्वांत वर येते आणि तेराव्याला दुसऱ्या पायाची टाच टेकते. या मुख्य मुद्रा आधी काढून घ्याव्यात आणि मधली चित्रे नंतर भरावीत. दोन पावलांचे आवर्तन करताना पंचविसावे चित्र पहिल्यासारखेच असते, म्हणून ते वगळावे लागते. नाहीतर दर आवर्तनाला पात्र किंचित अडखळते. पात्र जागच्या जागी चालत असेल, तर जमिनीवरचा पाय प्रत्येक चित्रात सारख्याच अंतराने मागे सरकला पाहिजे. हे अंतर कमीजास्त झाले की पात्र घसरू लागते, मग चित्रे कितीही सुबक असोत.

याच टप्प्यावर रेखाटनाचा सराव कसा असावा हे स्पष्ट होत जाते. छायाप्रकाश दाखवणारी, तासन्‌तास रंगवलेली चित्रे मलाही आवडतात, पण चालण्याच्या स्वाध्यायाला उपयोगी पडली ती अर्ध्या-अर्ध्या मिनिटात काढलेली रेखाटने. त्यांत नाकडोळ्यांना वेळच नसतो. डोक्यापासून टाचेपर्यंत जाणारी एक मुख्य रेषा, खांद्यांचा आणि कमरेचा परस्परविरुद्ध कल, आणि वजन कोणत्या पायावर आहे, एवढेच टिपता येते. पुढची पायरी अधिक कठीण आहे. हलणाऱ्या माणसाकडे काही क्षण पाहावे, नजर वळवावी आणि मग स्मरणातून काढावे. त्यामुळे डोळ्याला हालचालीतला कोणता क्षण महत्त्वाचा ते निवडण्याची सवय लागते. एडवर्ड माय्‌ब्रिज यांनी १८७८ मध्ये टिपलेली धावत्या घोड्याची छायाचित्रमालिका आणि त्यांची पुढची छायाचित्रे याच कारणासाठी विद्यार्थी अजूनही समोर ठेवतात.

प्रत्यक्ष चित्रणावरून गिरवण्याचे तंत्र, म्हणजे रोटोस्कोप, मॅक्स फ्लायशर यांच्या नावावर आहे आणि त्याचे पेटंट १९१७ चे आहे. नवख्याला ते सोपा मार्ग वाटते. प्रत्येक फ्रेम इमानेइतबारे गिरवली, तर पात्र वजनहीन आणि तरंगत असल्यासारखे दिसते, कारण खऱ्या हालचालीतला जोर बाह्यरेषेत उतरत नाही. चित्रणातून चार-पाच मुख्य मुद्रा निवडून, त्या थोड्या ठळक करून, मधली चित्रे स्वतः काढणे अभ्यासासाठी अधिक हिताचे आहे.

माझ्या मनात सर्वाधिक घर केले ते कोळशाने. एकच मोठा कागद भिंतीला पक्का लावायचा, समोर कॅमेरा स्टँडवर न हलेल असा बसवायचा, चित्र काढून दोन फ्रेम टिपायच्या, मग हलणारा भाग खोडरबराने पुसून किंचित पुढे काढायचा आणि पुन्हा टिपायच्या. दक्षिण आफ्रिकेतील चित्रकार विल्यम केंट्रिज यांच्या कामामुळे हे तंत्र जगभर ओळखले जाते. पुसलेला कोळसा पूर्ण जात नाही. करड्या रंगाचा माग राहतो आणि उंचावलेल्या हातामागे त्याच्या आधीच्या सगळ्या जागा दिसत राहतात. दोन चित्रांमधले अंतर कागदावर उघड पाहायला मिळते, असे हे मला माहीत असलेले एकमेव तंत्र. येथे मागे जाता येत नाही, म्हणून हालचाल आधी मनाशी पक्की करावी लागते. कॅमेऱ्याचे एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही हाताने ठरवून कायम ठेवावेत, खिडकीचा उजेड पूर्ण बंद करावा आणि अंगात गडद कपडे घालावेत. पांढऱ्या सदऱ्यावरून परावर्तित होणारा उजेडही चित्रफितीत लुकलुकतो. कागद जाड आणि खरखरीत हवा, कारण गुळगुळीत कागद वारंवार खोडल्यावर कोळसा धरेनासा होतो.

कटआउटचे, म्हणजे पात्राचे कापलेले तुकडे थोडे थोडे हलवून टिपण्याच्या तंत्राचे, वळण याच्या अगदी उलट आहे. पात्राचे तुकडे एकदा कापले की नवे रेखाटन करता येत नाही; कोपर, मान आणि गुडघा यांच्या कोनांतून सगळे बोलावे लागते. लोटे रायनिगर यांचा १९२६ चा छायाकृतींचा पूर्ण लांबीचा चित्रपट पाहिला की, बाह्याकृती स्पष्ट असेल तर चेहऱ्याशिवायही भाव कळतो हे पटते. आपल्या काढलेल्या मुद्रा काळ्या रंगाने भरून पाहण्याची सवय मला कटआउटमुळे लागली, आणि ती कागदावरच्या कामातही टिकली.

संगणकाबद्दल थोडेच लिहितो. क्रिटा आणि ब्लेंडर ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत असून हाताने काढलेल्या ॲनिमेशनसाठी पुरेशी आहेत. त्यांतली आधीची-नंतरची चित्रे फिकट दाखवणारी ओनियन स्किनची सोय मोलाची आहे, पण ती सतत चालू ठेवली की प्रत्येक चित्र दोघांच्या बरोबर मध्ये काढण्याचा मोह होतो आणि हालचाल एकसुरी होते. मी ती मुख्य मुद्रा काढताना बंद ठेवतो. संगणकाकडे वळण्याआधी काही आठवडे लाइट बॉक्सवर, म्हणजे खालून उजेड असलेल्या फळीवर, बोटांत कागद धरून उलटसुलट फडकावत काम केलेले असावे.

प्रवेशासाठी किंवा नोकरीसाठी कामाचा संच तयार करताना रंगवून पूर्ण केलेल्या चित्रांबरोबर कच्च्या पेन्सिल चाचण्याही ठेवाव्यात आणि प्रत्येक चाचणीच्या मुख्य चित्राच्या कडेला स्पेसिंगचा तक्ता, म्हणजे मधली चित्रे कोठे येतात ते दाखवणाऱ्या आडव्या खुणांची रेघ, तसाच राहू द्यावा. त्या आडव्या खुणा कोठे दाट आहेत आणि कोठे विरळ, यावरून काम पाहणाऱ्या जाणकाराला चित्रफीत सुरू करण्याआधीच पुष्कळ काही कळते.