डॉक्टरांना न विचारलेला प्रश्न

सनद घेऊन साताऱ्यात वकिली सुरू केली तेव्हा मोटार अपघाताचे दावे म्हणजे गणित, अशीच माझी समजूत होती. वय, उत्पन्न आणि गुणक, म्हणजे वर्षाच्या उत्पन्नाला वयानुसार ज्याने गुणायचं तो आकडा. ते गणित यायला फार दिवस लागत नाहीत. तुम्ही नवे वकील सर्वोच्च न्यायालयाचा सरला वर्मा प्रकरणातला २००९ चा गुणकाचा तक्ता आणि भविष्यातल्या उत्पन्नवाढीबद्दलचा प्रणय सेठी प्रकरणाचा २०१७ चा निकाल नीट वाचा, पहिलं वर्ष निभावून जाईल. मला भोवलं ते वेगळंच.

माझ्या सुरुवातीच्या दाव्यांपैकी एक तीस वर्षांच्या गवंड्याचा होता. टेम्पोची धडक, मांडीचं हाड वाकडं जुळलेलं, गुडघा वाकत नव्हता. महिना १५,००० रुपयांची कमाई ठेकेदाराच्या साक्षीने शाबित झाली. अपंगत्वाचा दाखला ४० टक्क्यांचा होता. डॉक्टर साक्षीला आले, मी दाखला शाबित केला, त्याला पुराव्याचा निशाणी क्रमांक पडला आणि मी खाली बसले. "हा माणूस परांचीवर चढू शकेल का? उकिडवा बसून फरशी बसवू शकेल का?" हे विचारायचं राहूनच गेलं.

आकडे बघा. १५,००० मध्ये प्रणय सेठी निकालाप्रमाणे भविष्यातली ४० टक्के वाढ धरून २१,००० झाले, वर्षाचे २,५२,०००. १७ च्या गुणकाने ४२,८४,०००. अपघाताचे दावे चालवणाऱ्या न्यायाधिकरणाने कमाईचं नुकसानही दाखल्याप्रमाणे ४० टक्केच धरलं आणि त्या सदराखाली १७,१३,६०० रुपये दिले. शरीराचं अपंगत्व आणि कमाईची क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात स्वच्छ लिहिलं आहे. टक्का ठरवायचा तो न्यायाधिकरणाने. पण जखमी माणूस आता काय करू शकतो आणि काय नाही, हे डॉक्टरांच्या तोंडून रेकॉर्डवर आणणं वकिलाचं काम. निकाल मी वाचला होता. उभं राहिल्यावर तो आठवला नाही.

निवाड्यानंतर अपिलाला ९० दिवस असतात. सिनियरांनी मुदतीत अपील केलं आणि रक्कम वाढलीही, पण मध्ये वर्षं गेली. (तेव्हा अपिलासाठी मुंबईला उच्च न्यायालय गाठावं लागे. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला त्याचंच सर्किट बेंच बसतं, तुमची तेवढी दगदग वाचली.) त्या वर्षांत तो गवंडी दर तारखेला कुबडी घेऊन जिना चढायचा आणि मला "मॅडम, बऱ्या आहात ना?" विचारायचा. माझी झोप गेली ती तेव्हा.

तुम्हाला सगळे सांगतील की शवविच्छेदनाचे अहवाल आणि पंचनाम्याचे फोटो सहन करायला शिका. ते खरंच आहे. मागून ट्रक आला की माझे हात थरथरायचे, मुलाने सायकल मागितली तेव्हा त्याच्यावर ओरडले होते. आता असे फोटो मी घरी उघडत नाही, रात्री तर नाहीच. वेगळ्या पाकिटात घालून वर लिहून ठेवते, म्हणजे पानं चाळताना अचानक समोर येत नाहीत. पण माझा अनुभव असा, की फोटोंपेक्षा अपुरी तयारी जास्त छळते. ज्या दाव्यात विचारायचं ते सगळं विचारलं, तो हरला तरी रात्री उशाशी येऊन बसत नाही.

म्हणून पहिल्या भेटीला निदान दीड तास द्या. अपघात कसा झाला ते नंतर. आधी माणूस काय काय करत होता ते विचारा. एका नवऱ्याने वारलेल्या बायकोबद्दल सांगितलं, "घरीच असायची." खोदून विचारल्यावर कळलं, पहाटे चारला उठून तीन म्हशींच्या धारा ती काढायची, दूध डेअरीला घालायची, सासूचं पथ्यपाणी बघायची. गृहिणीच्या श्रमाला मोल आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या कीर्ती प्रकरणात ठासून सांगितलंय, पण ते श्रम दाव्यात लिहायचे आपणच.

मुदतीबद्दल गाफील राहू नका. मोटार वाहन कायद्याच्या १ एप्रिल २०२२ पासूनच्या दुरुस्तीत अपघातापासून सहा महिन्यांत दावा दाखल करायची अट आहे. ती धरूनच चाला.

फी आधीच ठरवा, लेखी ठरवा. भरपाईत टक्का घेणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही, आणि दवाखान्याच्या दारात क्लेम गोळा करणाऱ्यांच्या नादी तर लागूच नका. पहिली काही वर्षं दाव्यांवर घर चालत नाही, त्यामुळे दिवाणी किंवा फौजदारी काम हाताशी ठेवा. पैशाची ओढाताण असली की लोकअदालतीत कमी रकमेला मान हलवण्याचा मोह होतो. तिथल्या निवाड्यावर अपील नसतं. विधवा बाईला तडजोडीचा आकडा आणि दावा चालवला तर मिळू शकेल तो आकडा, दोन्ही कागदावर लिहून दाखवा, घरी विचार करायला वेळ द्या, निर्णय तिचा तिला घेऊ द्या.

फोनचं म्हणाल तर मी सुरुवातीला रात्री अकराचेही घेत होते. मग लक्षात आलं, निम्मे लोक कायद्याचं काही विचारतच नाहीत, त्यांना पुढची तारीख हवी असते. आता कोर्टातून निघण्याआधी त्या दिवसाच्या प्रत्येक पक्षकाराला काय झालं आणि पुढची तारीख कोणती एवढं कळवूनच उठते. रात्रीचे फोन जवळपास थांबले.

मूल गेलेल्या आईची किंवा बापाची साक्ष झाली की त्या दुपारी नवीन फाइल घेत नाही. बाररूममध्ये माझ्याच बॅचची एक मैत्रीण आहे, तिच्यासोबत चहा घेते आणि काय ऐकलं ते, नावगाव वगळून, बोलून टाकते. सिनियरांच्या पिढीत असं बोलणं कमकुवतपणाचं मानत. मला ते पटत नाही.

टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक माझ्या डायरीच्या पहिल्या पानावर आहे. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. पक्षकारांना देण्यासाठी लिहून ठेवला होता. गवंड्याचं अपील चालू असताना एका रात्री मीच तो लावला, आणि पलीकडच्या बाईंनी पाऊण तास ऐकून घेतलं.