कंटेनरमध्ये चाचण्या चालवताय? आधी फॉन्ट आणि घड्याळ बघा

बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्या पतसंस्थांसाठी वेब सॉफ्टवेअर करणाऱ्यांना एकच फॉर्म मराठी, कन्नड आणि इंग्रजीत नीट चालवून दाखवावा लागतो, तोही क्रोम आणि फायरफॉक्स दोन्हींवर. हे हाताने तपासत बसू नका. ब्राउझर आपोआप चालवून चाचण्या घेणाऱ्या सेलेनियमच्या तयार डॉकर इमेज (ब्राउझर आधीच बसवलेले साचे) घ्या. इमेजवरून चालणारा स्वतंत्र, बंदिस्त डबा म्हणजे कंटेनर. कोणते कंटेनर एकत्र चालवायचे ते सांगणाऱ्या कंपोझ फाइलमध्ये प्रत्येक ब्राउझरचा वेगळा कंटेनर लिहा आणि त्याच चाचण्या सगळ्यांवर सोडा. इमेजची आवृत्ती नेमकी लिहा. 'लेटेस्ट' लिहिलंत तर काल पास झालेली चाचणी आज का पडली, ते शोधणं फार अवघड जातं.

खरी गोम फॉन्टची आहे. भारतीय लिपींचे फॉन्ट इमेजमध्ये असतीलच असं नाही. चाचणी पास होते, कारण ती पानाच्या कोडमधला मजकूर वाचते. स्क्रीनशॉटमध्ये मात्र 'खातेदार'च्या जागी रिकामे चौकोन! म्हणून स्क्रीनशॉट डोळ्यांनी बघाच. इमेज उबुंटू किंवा डेबियनवरची असेल तर डॉकरफाइलमध्ये (इमेज बनवायची कृती लिहिलेली फाइल) 'फॉन्ट्स-नोटो-कोअर' पॅकेज घाला, देवनागरी आणि कन्नड दोन्ही मिळतात.

कंटेनरचं घड्याळ बहुधा यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर असतं. आपल्याकडे मध्यरात्रीपासून पहाटे ५:३० पर्यंत त्याच्या लेखी कालचीच तारीख. हप्ता आणि व्याजाच्या चाचण्या रात्रीच्याच पडत असतील तर आधी हे तपासा आणि टाइमझोन 'एशिया/कोलकाता' करा.

क्रोम मध्येच बंद पडत असेल तर कंटेनरला शेअर्ड मेमरी (प्रोग्रामचे भाग मिळून वापरतात ती मेमरी) २ जीबी द्या. डॉकर मुळात ६४ एमबीच देतो. चाचणीतल्या पत्त्यात लोकलहोस्ट नको, कारण कंटेनरच्या लेखी त्याचा अर्थ 'मी स्वतः'; कंपोझमधलं सर्व्हिसचं नाव लिहा.