शीटवर अंधार, स्टेजवर उजेड: लाइट क्यू मांडताना या चुका टाळा

रंगीत तालमीत ब्लॅकआउट झाला आणि खिडकीचा लाइट मात्र तसाच. क्यू शीट, म्हणजे कोणत्या क्षणी (क्यूला) कोणता लाइट किती हे मांडलेली स्प्रेडशीट, पाहिली तर त्या क्यूच्या ओळीत चॅनल ७ चा, म्हणजे खिडकीच्या लाइटचा, खाना कोरा. तो कोराच ठेवला होता मी, बंद या अर्थाने. पण ट्रॅकिंगवर, म्हणजे फक्त बदल नोंदवण्याच्या पद्धतीवर, चालणाऱ्या लाइट बोर्डासाठी कोरा म्हणजे 'आहे तसंच राहू दे'. बंद करायचा तर शून्य लिहावं लागतं.

शीटमधले बहुतेक घोळ इथूनच सुरू होतात. आपण फक्त बदल लिहितो आणि डोळ्यांना मात्र पूर्ण चित्र हवं असतं. समजा क्यू १२ ला चॅनल ७ साठवर नेला, १३ आणि १४ मध्ये काही लिहिलं नाही, १५ ला शून्य केलं. आकड्यांनुसार खान्यांत रंग भरलात तर एकच चौकोन उजळेल. स्टेजवर तो लाइट तीन क्यू जळतोय.

म्हणून दोन शीट ठेवा. 'मूळ' शीटमध्ये आडव्या ओळीत क्यू, उभ्या रकान्यात चॅनल, आणि फक्त बदल. 'चित्र' शीटमध्ये सूत्र: मूळ खाना कोरा असेल तर वरच्या ओळीतला आकडा, नाहीतर मूळ खान्यातला. सगळ्यात वरची ओळ शून्यांची. आता चॅनल ७ चा पट्टा १२ ते १४ सलग उजळतो आणि विसरलेला लाइट लांबूनही दिसतो. एक खोड लक्षात ठेवा. 'मूळ'मध्ये मधेच ओळ घातली की 'चित्र'मधली सूत्रं तिला ओलांडून पुढे सरकतात आणि नवा क्यू चित्रात येतच नाही. ओळ घातली की तिथेही ओळ घाला आणि सूत्र वरपासून पुन्हा खाली ओढा.

रंगांची स्केल आपोआप ठरू देऊ नका. नाटकाच्या संपूर्ण अंकात कुठलाच लाइट ४० च्या वर नसेल, तर सॉफ्टवेअर ४० लाच भगभगीत पिवळा करतं. किमान ०, कमाल १०० असं हाताने बांधा. एकाने टक्के, दुसऱ्याने ० ते २५५ असे डीएमएक्सचे (बोर्डाकडून लाइटना जाणाऱ्या डिजिटल संकेताचे) आकडे लिहिले तर चित्र खोटंच बोलणार: डीएमएक्समधला ५० म्हणजे जेमतेम वीस टक्के. आणि टक्क्याचं चिन्ह लावून लिहिलेले ५० टक्के शीटच्या पोटात ०.५ असतात, म्हणजे या स्केलवर काळोख.

फेडच्या, म्हणजे लाइट हळूहळू चढण्या-उतरण्याच्या, वेळा हा वेगळाच ताप. चढायला तीन, उतरायला पाच सेकंद म्हणून ३/५ लिहिलं की शीट त्याची तारीख करून टाकते. नंतर खाना मजकुराचा केला तरी पाच अंकी आकडा उरतो, तुमचा ३/५ गेला तो गेलाच. चढ आणि उतार यांना वेगळे रकाने द्या. ०:०५ हेही टाळा. त्याचे पाच सेकंद नव्हे, पाच मिनिटं होतात. साधे सेकंद लिहा, ४ मिनिटं १० सेकंद म्हणजे २५०. मग स्टॅक्ड बार चार्टवर टाइमलाइन सहज निघते: पहिली मालिका सुरुवातीची वेळ, तिचा रंग काढून टाकायचा, दुसरी फेडची लांबी.

क्यू नंबर मजकूर म्हणून साठवले तर क्रमवारी १, १०, ११, २ अशी लागते. संख्याच ठेवा, म्हणजे १२.५ आपसूक १२ आणि १३ च्या मध्ये बसतो. मात्र १२.९ नंतर १२.१० देऊ नका, शीटला तो १२.१ च वाटतो. प्रवेशांची नावं लिहिताना खाने मर्ज केलेत तर क्रमवारी लावताना रडाल.

जेलचा (लाइटपुढे लावायच्या रंगीत फिल्मचा) रंग खान्यात भरून 'दिसेल असं' मानणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त शेजारी जेलचा नंबर लिहायला लावतो. साधं सूत्र खान्याचा रंग वाचत नाही.

शेवटी छपाई. विंगेतल्या निळ्या उजेडात लाल अक्षर काळं दिसतं आणि फिकट निळी पट्टी कागदातच विरघळते. मी आता धोक्याचे क्यू जाड अक्षरात आणि चौकटीत छापतो, आणि प्रत देण्याआधी खोलीतला दिवा घालवून निळ्या बल्बखाली एकदा वाचून पाहतो.