गाडीची बॅटरी बदलताय? आधी जुन्या बॅटरीचं लेबल वाचा

नाशिकमध्ये बॅटऱ्या खराब होतात उन्हाळ्यात आणि कळतं हिवाळ्यात. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, बॉनेटखाली तर त्याहून कितीतरी जास्त. त्या उष्णतेत आतल्या शिशाच्या प्लेटा गंजतात, पाणी उडतं. तरी गाडी सुरू होत राहते, कारण उन्हाळ्यात इंजिन फिरवायला जोर कमी लागतो. मग डिसेंबर उजाडतो, निफाडच्या थंडीच्या बातम्या यायला लागतात, इंजिन ऑइल घट्ट होतं, बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि एका पहाटे सेल्फ मारला की नुसतं ‘टक् टक्’ ऐकू येतं.

माझ्यावर ही पाळी आली ती पहाटे साडेपाचला, घरच्यांना घेऊन वणीला निघताना. जम्पर लावून (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला केबल जोडून) गाडी कशीबशी सुरू केली आणि वाटेत जे दुकान उघडं दिसलं तिथली बॅटरी बसवून घेतली. ती १४ महिन्यांत गेली. मग लेबल नीट पाहिलं, तर मी घेतली तेव्हाच ती ११ महिने जुनी होती. धड बिलही नव्हतं. घाईत घेतलेली बॅटरी महागच पडते. म्हणून आता पाऊस सरला की दिवाळीच्या आधी तपासणी करून टाकतो. त्या वेळी खरेदी करावी लागली तरी दोन-चार दुकानं फिरायला सवड असते.

आधी खात्री करा, बॅटरीच गेलीय का?

टर्मिनलवर, म्हणजे केबल जोडायच्या प्लस-मायनस खांबांवर, पांढरा-हिरवा बुरशीसारखा थर साचला असेल किंवा त्यांवर बसणारा केबलचा क्लॅम्प हाताने हलत असेल, तर साफ करून घट्ट करा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात, असा माझा अनुभव. नंतर मल्टिमीटर घ्या. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, सुरू करण्याआधी व्होल्टेज मोजा. १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे पूर्ण चार्ज, १२.२ म्हणजे अर्धी उतरलेली, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. सेल्फ मारताना काटा ९.६ च्या खाली कोसळत असेल, तर चार्ज असूनही बॅटरीत जीव उरलेला नाही. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवं. तेवढं दिसत नसेल तर अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा भाग) दाखवा. नाहीतर नवी बॅटरीही आठवड्यात उतरेल आणि तुम्ही दुकानदाराशी भांडत बसाल. मल्टिमीटर नसेल तर बॅटरीवाल्याकडच्या लोड टेस्टरवर दोन मिनिटांत निकाल लागतो.

मग माप जुळवा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थोडं थांबू.

जुन्या बॅटरीवर एक सांकेतिक क्रमांक असतो. आपल्याकडे प्रामुख्याने दोन पद्धती चालतात. जपानी पद्धतीत ‘३८ बी २० एल’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. त्यातलं ३८ म्हणजे ताकदीची श्रेणी, ‘बी’ म्हणजे रुंदी-उंचीचा गट, २० म्हणजे सेंटीमीटरमध्ये अंदाजे लांबी आणि ‘एल’ म्हणजे टर्मिनलची बाजू. छोट्या पेट्रोल गाड्यांत हे माप बरंच दिसतं. दुसरी युरोपीय पद्धत: डिन ४४, डिन ५०, डिन ६० वगैरे. हिच्यातला आकडा साधारण अँपिअर-अवर, म्हणजे एएच (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) सांगतो. डिन बॅटरीला खालच्या बाजूला कड असते आणि तिथेच ती आवळून बसवतात. जपानी धाटणीच्या बॅटरीला वरून पट्टी आणि दोन लांब बोल्ट लागतात. म्हणून एकीच्या जागी दुसरी नीट बसत नाही.

एल आणि आर यांवर फार डोकं शिणवू नका. जुनी बॅटरी काढण्याआधी मोबाइलवर वरून फोटो काढा. टर्मिनल कोणत्या कडेला आहेत आणि प्लस कुठल्या हाताला आहे हे त्यात स्पष्ट दिसू द्या. नवी अगदी तशीच हवी. उलट बाजूची घेतली तर केबल पुरत नाही, मग गॅरेजवाला ती ताणतो किंवा जोड देतो. दोन्ही धोक्याचं.

उंचीही बघा. बॅटरी उंच असली आणि बॉनेट बंद करताना प्लसचं टर्मिनल पत्र्याला टेकलं, तर ठिणगी ठरलेली. टर्मिनलच्या खांबांची जाडीसुद्धा सारखी नसते. बारीक खांबावर जाड क्लॅम्प बसवण्यासाठी पत्र्याची पट्टी गुंडाळायचा जुगाड सर्रास चालतो. गाडी खड्ड्यातून गेली की तोच क्लॅम्प सैल होतो, आणि आपल्याकडे खड्ड्यांना तोटा नाही.

जुनं लेबलसुद्धा डोळे झाकून मानू नका. गाडी सेकंडहँड असेल तर आधीच्या मालकाने भलतीच बॅटरी बसवलेली असू शकते. गाडीच्या पुस्तिकेत एएच आणि प्रकार दिलेला असतो, त्याच्याशी ताडून पाहा. पुस्तिकेत सांगितल्यापेक्षा कमी एएच घेऊ नका. थोडी जास्त एएचची बसत असेल तर गाडीचं काही बिघडत नाही. पण वर भारी म्युझिक सिस्टिम वगैरे नसेल, तर त्या जास्तीच्या आकड्यासाठी पैसे मोजण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणारी गाडी असेल, तर तिला ईएफबी किंवा एजीएम प्रकारचीच (पुन्हा पुन्हा सेल्फ मारण्याचा ताण सोसणारी) बॅटरी घ्या. साधी बॅटरी स्वस्त पडते, चालतेही, पण मुंबई नाक्यावर दिवसातून वीस वेळा सेल्फ मारून ती लवकर दम टाकते. अशा काही गाड्यांत नवी बॅटरी बसवल्यावर गाडीच्या संगणकात तिची नोंदही करावी लागते. ते सर्व्हिस सेंटरला विचारून घ्या.

कंपनीआधी तारीख

एक्साइड, अमरॉन, एसएफ सोनिक, टाटा ग्रीन यांपैकी कोणती चांगली, हा वाद मित्रमंडळींत कधी संपत नाही. एसएफ सोनिक ही एक्साइडचीच बहीण आहे, हे कळलं की वाद थोडा निवळतो. माझ्या मते नामांकित कंपनीची एक महिना जुनी बॅटरी ही दुसऱ्या नामांकित कंपनीच्या आठ महिने जुन्या बॅटरीपेक्षा केव्हाही बरी. दुकानात पडून राहिलेली बॅटरी हळूहळू उतरते आणि तशीच राहिली तर प्लेटांवर सल्फेटचा थर धरतो. तो नंतर चार्ज करूनही पुरता जात नाही. बनावटीचा महिना-वर्ष प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने कोरते. दुकानदाराला ‘वाचून दाखवा’ म्हणा. तीन महिन्यांच्या आतली मागा. सहा महिन्यांपेक्षा जुनी असेल तर सरळ दुसरी काढायला सांगा. पैसे देण्याआधी व्होल्टेज मोजायला लावा, १२.५ पेक्षा कमी नको.

वॉरंटीतला अधिकचा आकडा

‘२४ अधिक २४’ ऐकून चार वर्षांची हमी मिळाली असं वाटतं. तसं नसतं. पहिला आकडा फुकट बदलून मिळण्याच्या महिन्यांचा. दुसऱ्या काळात फक्त नव्या बॅटरीवर सूट मिळते, तीही महिन्यागणिक घटत जाणारी. ती सूट साधारणपणे छापील किमतीवर धरतात आणि बाजारात तर बॅटरी छापील किमतीपेक्षा कमीला मिळतच असते. म्हणून दोन बॅटऱ्यांची तुलना करताना पहिल्या आकड्याला जास्त वजन द्या. फुकट बदलून मिळालेल्या बॅटरीलाही उरलेलीच मुदत लागू होते, नवी सुरू होत नाही. गाडी टॅक्सी म्हणून चालत असेल तर मुदत वेगळी असते, आधी विचारा. बिलावर तारीख आणि बॅटरीचा सिरियल नंबर हवाच, आणि वॉरंटीची नोंदणी दुकानातच उभं राहून करून घ्या.

भाव

दोन भाव विचारा: जुनी देऊन आणि जुनी न देता. जुन्या बॅटरीतल्या शिशाला किंमत असते, त्यामुळे फरक चांगलाच पडतो. सातपूर-अंबडकडे दोन दुकानं आणि शहरात दोन असे फोन लावले तरी अंदाज येतो. नेटवरचे जुने भाव घेऊन घासाघीस करू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून या बॅटऱ्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. ‘बिल नको असेल तर अजून कमी करतो’ याला नाहीच म्हणा. जुनी बॅटरी रस्त्यावरच्या भंगारवाल्याला देऊ नका. तो आतलं आम्ल गटारात ओततो. २०२२ च्या नियमांनुसार बॅटरी गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी कंपन्यांवर आहे, म्हणून ती दुकानातच सोडा.

बसवताना उभे राहा

काढताना आधी मायनस, लावताना मायनस शेवटी. प्लसवर पाना असताना तो बॉडीला टेकला तर काय होतं ते गॅरेजातल्या पोराला विचारा. बॅटरी आवळणारी पट्टी ‘राहू द्या साहेब, हलत नाही’ म्हणून बाजूला ठेवली तर बसवायला लावा. हादऱ्यांनी प्लेटा निखळतात. टर्मिनलवर पेट्रोलियम जेली लावा, ग्रीस नको. किल्ली मात्र खिशात ठेवा, गाडीत नाही. घड्याळ आणि काचांचं ऑटो बटण पुन्हा सेट करावं लागेल.

शेवटी इंजिन चालू ठेवून व्होल्टेज एकदा बघा आणि बसवल्याची तारीख मार्करने बॅटरीच्या वरच्या बाजूला लिहून ठेवा. बिल हरवतं, ती तारीख राहते.